बर्डीवरून आणलेलं बिननावाचं गोरेपणाचं क्रीम: शून्य स्टार

हे परीक्षण मी रागाने लिहिते आहे, पण पूर्ण माहिती घेऊन लिहिते आहे. जरा लांब झालं आहे, तरी वाचा. ही डबी नागपुरातल्या कितीतरी घरांत आरशापुढे ठेवलेली असते.

मी मानेवाड्याला ब्युटी पार्लर चालवते. केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलं, लग्नानंतर कोर्स केला आणि तेव्हापासून हेच काम. गोरेपणाच्या क्रीमचे एजंट पिशव्या घेऊन माझ्याकडे येतच असतात. "ताई, फॉरेनचा माल आहे, आठ दिवसांत फरक दिसते, बघा." मी परत पाठवते. ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती मी गिऱ्हाइकाच्या तोंडाला लावत नाही. पण ही डबी निघाली ती माझ्या पुतणीच्या पर्समधून. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मेन रोडच्या आतल्या गल्लीत टिकल्या, क्लचर, हेअरबँड विकणाऱ्या एका दुकानातून तिने ती घेतली होती. दुकानाचं नाव लिहीत नाही. असल्या डब्या इतवारीत मिळतात, आठवडी बाजारात मिळतात, ऑनलाइनही मिळतात.

आधी वस्तूबद्दल सांगते. सोनेरी झाकणाची छोटी प्लास्टिकची डबी, वर चकचकीत खोका. खोक्यावर एकाच बाईचे दोन फोटो, एक काळवंडलेला आणि एक उजळ. आत मोतिया रंगाचं घट्ट क्रीम, गुलाबाच्या अत्तराचा उग्र वास. झाकण उघडं राहिलं की कडेला राखाडी झाक येते. खोक्यावर कंपनीचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, आत काय घातलं आहे त्याची यादी नाही. किंमत ब्रँडेड क्रीमच्या निम्मी.

आत घडी घातलेला एक पातळ कागद आहे. तो कोणी वाचत नाही, मी वाचला. त्यावर लिहिलंय: रात्री लावा, सकाळी धुवा, उन्हापासून दूर ठेवा, सोन्याचांदीचे दागिने काढून मग लावा. शेवटच्या ओळीवर माझं बोट थांबलं. मॉइश्चरायझर लावताना बांगड्या काढायला कोणी सांगत नाही. सोन्याला जपावं लागतं ते पाऱ्यापासून. इतवारीच्या सराफ्यात कोणत्याही जुन्या कारागिराला विचारा, पारा लागलेलं सोनं पांढरं पडतं हे तो सांगेल. म्हणजे बनवणाऱ्याला आत काय आहे ते पक्कं माहीत होतं. बाईच्या अंगठीची काळजी त्याने घेतली, तिच्या किडनीची घेतली नाही.

क्रीम काम करतं का? करतं, आणि झपाट्याने करतं. गोम तिथेच आहे. आपल्या कातडीचा रंग मेलॅनिनमुळे असतो आणि ते तयार करायला टायरोसिनेज नावाचं एन्झाइम लागतं. पाऱ्याचे क्षार त्या एन्झाइमलाच अडवतात. मेलॅनिन कमी बनतं, चेहरा उजळतो, डाग फिके पडतात. पुतणीचा चेहरा खरंच उजळला होता. नागपूरच्या उन्हात स्कार्फ गुंडाळून अ‍ॅक्टिव्हावर फिरणारी ही मुलगी, लग्न ठरायच्या बेतात. सगळ्यांनी कौतुक केलं. "काय लावून राहिली गं?" असं मैत्रिणींनी विचारलं, आणि त्यातल्या काहींनी तीच डबी आणली. पण पारा कातडीवर थांबत नाही. तो आत शिरतो, रक्तात जातो आणि सगळ्यात जास्त साठतो किडनीत.

काही महिन्यांनी तिचे डोळे सकाळी सुजलेले दिसायला लागले. मग पैंजण घट्ट झाले, संध्याकाळी मोज्याची खूण पायावर खोल उमटून तशीच राहायची. एका दवाखान्यात उन्हामुळे होतं, मीठ कमी करा म्हणून गोळ्या दिल्या. सूज उतरली आणि गोळ्या संपल्यावर पुन्हा आली. लघवीला साबणासारखा फेस येतो, हे तिने लाजून कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्याकडे आयब्रो करायला आली तेव्हा खुर्चीवर बसल्या बसल्या बोलून गेली. मी जाऊबाईंना फोन केला, "वहिनी, आजच्या आज लघवी तपासा." साध्या पट्टीच्या तपासणीतच प्रोटीन चार प्लस, म्हणजे खूपच जास्त आलं.

पुढे धंतोलीतल्या एका किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये जमा करून तपासली. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला दीडशे मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रोटीन जातं. साडेतीन ग्रॅमच्या वर गेलं की त्याला नेफ्रोटिक म्हणतात. हिचं त्याच्या दुप्पट होतं. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन दोनच्या खाली आणि कोलेस्टेरॉल चढलेलं. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) मात्र नॉर्मल. हे मुद्दाम लिहिते, कारण "क्रिएटिनिन नॉर्मल आहे ना, मग किडनी चांगली" असं घरोघरी समजतात. किडनीची गाळणी फाटून प्रोटीन वाहून जात असतं, तरी क्रिएटिनिन बराच काळ चांगलं दिसू शकतं.

बायोप्सीचं नाव काढलं की घरात रडारड होते, आमच्याकडेही झाली. म्हणून कशी होते ते सांगते. पोटावर झोपवतात, पाठीत भुलेचं इंजेक्शन देतात, सोनोग्राफीवर किडनी बघत स्प्रिंगची सुई घालतात. "श्वास रोखा" म्हणतात आणि टक् असा आवाज येतो. शेवयाएवढे दोन बारीक तुकडे निघतात. मग कित्येक तास उताणं पडून राहायचं आणि लघवीत रक्त येत नाही ना ते बघायचं. पुतणीला त्या पडून राहण्याचाच जास्त कंटाळा आला.

रिपोर्टमध्ये मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी निघाली. आपल्याच शरीराच्या अँटिबॉडी किडनीच्या गाळणीच्या बाहेरच्या बाजूला दाण्यादाण्यांनी बसतात, पडदा जाड होतो, त्याला टेकू देणाऱ्या पोडोसाइट नावाच्या पेशी दुखावतात आणि प्रोटीन गळायला लागतं. यालाच ऑटोइम्यून म्हणतात. जाऊबाई म्हणाल्या, "म्हणजे नशीबच ना बाप्पा, शरीरच उलटलं तर कोणाला दोष द्यायचा?" मला ते पटलं नाही. शरीर उगाच कशाला उलटेल? त्या रात्रीपासून मी जमेल तेवढं वाचलं आणि डॉक्टरांना विचारून विचारून भंडावलं. त्यांनी न कंटाळता समजावलं, त्याबद्दल त्यांचे आभार.

या आजाराच्या कारणाचा शोध खूप जुना आहे. १९५९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला वॉल्टर हायमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना उंदरांच्याच किडनीचा अर्क टोचला, आणि त्यांना हुबेहूब असा आजार झाला. अँटिबॉडी किडनीतल्या कशावर तरी चालून जातात एवढं कळलं. पण माणसात ते लक्ष्य कोणतं, हे कित्येक वर्षं सापडलं नाही. २००२ मध्ये पॅरिसला पिएर रोंको यांच्या गटाने एका नवजात बाळाची केस मांडली. बाळ जन्मतःच या आजाराने सुजलेलं. त्याच्या आईच्या शरीरात एक प्रोटीन जन्मापासून नव्हतं. बाळात ते होतं, म्हणून आईच्या शरीराने त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या आणि त्या नाळेतून बाळाच्या किडनीत पोचल्या. माणसाच्या गाळणीतलं लक्ष्य पहिल्यांदा नावानिशी दिसलं ते त्या बाळामुळे. मग २००९ मध्ये बोस्टनला लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटाने पीएलए२आर हे गाळणीतलं प्रोटीन लक्ष्य म्हणून शोधलं. ज्यांच्या मेम्ब्रेनसला बाहेरचं कारण दिसत नाही, त्यांच्यात सुमारे सत्तर टक्के जणांत हेच असतं. आता ते साध्या रक्ततपासणीत कळतं.

पुतणीची ती तपासणी निगेटिव्ह आली. पूर्वी असती तर कागदावर "कारण अज्ञात" लिहून थेट स्टिरॉइड आणि त्याहून जड औषधं सुरू झाली असती. पण डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला आणि तिच्याकडे नीट बघून विचारलं, "चेहऱ्याला काय लावतेस?"

ती माझ्याकडे बघायला लागली. तिला वाटलं, काकूच्या धंद्याबद्दल बोलून राहिले. मग पर्समधून डबी काढली. डॉक्टरांनी झाकणही उघडलं नाही. खोका फिरवून फिरवून बघितला, बनवणाऱ्याचा पत्ता शोधला, आणि म्हणाले, "बायोप्सीच्या तुकड्यावर अजून एक तपासणी करायला सांगतो. नेल-वन."

नेल-वन हेही एक प्रोटीन आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये (आपलं नागपूरचं मेयो हॉस्पिटल वेगळं) संजीव सेठी यांच्या गटाने २०२० मध्ये ते मेम्ब्रेनसच्या रुग्णांत दाखवलं. बायोप्सीतली गाळणी लेसरने कापून घ्यायची, तिच्यातली सगळी प्रोटीनं मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्रावर मोजायची आणि कोणतं नको तिथे साचलं आहे ते बघायचं, अशी त्यांची पद्धत. सुरुवातीला नेल-वनचा संबंध काही रुग्णांत कॅन्सरशी दिसला. म्हणून हा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की डॉक्टर कॅन्सरचीही तपासणी करतात. हिचीही केली, देवाच्या कृपेने काही निघालं नाही.

नेल-वनचं दुसरं कारण ठळक केलं ते भारतातल्या डॉक्टरांनी. तामिळनाडूतल्या डॉक्टरांनी दाखवलं की नेल-वन पॉझिटिव्ह असलेल्या त्यांच्या बऱ्याच रुग्णांनी पारा असलेली देशी औषधं घेतली होती, आणि ती बंद केल्यावर आजार उतरला. मग केरळमध्ये कोट्टक्कलच्या अ‍ॅस्टर मिम्स हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधल्या मेम्ब्रेनसच्या २२ केसेस तपासल्या. त्यातल्या १५ नेल-वन पॉझिटिव्ह, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी कबूल केलं की त्रास सुरू होण्याआधी ते गोरेपणाचं क्रीम लावत होते. त्यातल्या एकाच्या मेंदूच्या शिरेत गुठळीही झाली होती, कारण प्रोटीन वाहून गेलं की रक्त गोठायला लागतं. कोट्टक्कल लांब वाटत असेल तर आपल्या अकोल्याचं घ्या. तिथे एकाच घरातल्या तिघींच्या किडनीला क्रीममुळे इजा झाली, प्रकरण मुंबईच्या केईएमपर्यंत गेलं आणि क्रीममध्ये पारा निघाला. पेपरात आलं होतं, चार दिवस बोललो आणि विसरलो.

सगळ्यात जास्त राग याचा येतो की हे नवीन नाही. १९७२ मध्ये नैरोबीच्या डॉक्टरांनी नेफ्रोटिकच्या रुग्णांची पाहणी छापली होती. अर्ध्याहून जास्त जण पाऱ्याचं गोरेपणाचं क्रीम लावणारे निघाले. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ हे माहीत आहे.

मला गिऱ्हाइकं विचारतात, "ताई, मग माझ्या नणंदेनं हेच लावलं, तिला काही झालं नाही, ते कसं?" याचंही उत्तर शोधून झालेलं आहे. फ्रान्समध्ये फिलिप द्रुए यांच्या गटाने पाऱ्याचा क्षार वेगवेगळ्या जातींच्या उंदरांना दिला. ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदरांत अँटिबॉडींचा पूर आला आणि त्यांची किडनी बिघडली. लुईस जातीच्या उंदरांना तसं काही झालं नाही. पारा तोच, रक्तातला वारसा वेगळा. तुम्ही त्यातल्या कोणत्या आहात हे डबी उघडण्याआधी सांगणारी तपासणी नाही. नणंदेचा चेहरा बघून स्वतःच्या किडनीचा अंदाज बांधू नका. आणि नणंदेच्या शरीरात पारा जातोच आहे. तो नसांवर, मेंदूवरही परिणाम करतो. झोप उडणं, हाताला कंप, चिडचिड, हेही त्याचंच.

पुतणीचा नेल-वन पॉझिटिव्ह आला आणि लघवीतला पाराही वाढलेला निघाला. डॉक्टरांनी क्रीम त्याच दिवशी बंद केलं. स्टिरॉइड दिलं नाही. प्रोटीन कमी करणारी टेल्मिसार्टन, सूज उतरवणारी गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि कमी मीठ, एवढंच. आमच्या घरात कमी मीठ म्हणजे लोणचं-पापड-ठेचा बंद, आणि सावजीचं नावसुद्धा नाही. पण तिने पाळलं. प्रोटीन महिन्यामहिन्याला उतरत गेलं, पैंजण पुन्हा सैल झाले, आणि आता लघवीत प्रोटीन जवळजवळ नाही. चेहऱ्याचा मूळ रंग परत आला आहे. मला तो आधीपासूनच छान वाटत होता. लग्न पुढच्या हंगामात आहे, मेकअप मीच करणार.

प्रत्येकीचं असंच होईल असं नाही. डॉक्टर कोणाला जड औषधं देतील, कोणाला पारा बाहेर काढणारी औषधं देतील. ते त्यांनीच ठरवायचं. पण कारण सापडलं म्हणून आमच्या मुलीची जड औषधं वाचली, आणि कारण सापडलं ते कुठल्या कुठल्या गावांतल्या लोकांनी इतकी वर्षं उंदीर, बाळं, बायोप्सीचे तुकडे तपासत राहिल्यामुळे. मी त्या सगळ्यांची ऋणी आहे.

आता तुमच्या कामाचं. आपल्याकडे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत. डोळ्यांसाठीची प्रसाधनं सोडली तर कोणत्याही क्रीममध्ये चुकून आलेला पाराही दहा लाखांत एक भागाच्या वर चालत नाही. अशा बिननावाच्या क्रीममध्ये तपासणीत हजारो भाग सापडलेले आहेत. घेताना डबी उलटी करा. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटकांची यादी आणि बाहेरचा माल असेल तर आयातीचा नोंदणी नंबर, हे सगळं हवं. यादीत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, अमोनिएटेड मर्क्युरी असं काही दिसलं तर ठेवून द्या. यादीच नसेल तर त्याहून आधी ठेवून द्या. दागिने काढा म्हणणारा कागद निघाला तर विचार करायचं काही उरतच नाही. पत्ता छापलेला असला तरी तो खरा असेलच असं नाही, तेव्हा ओळखीच्या मेडिकलमधून बिलावर घ्या.

लावत असाल तर आजच थांबा. चेहरा काही दिवस काळवंडेल, पुरळही येईल, तरी परत त्या डबीकडे वळू नका. उशीचा अभ्रा, टॉवेल, स्कार्फ धुऊन काढा. क्रीम लावलेल्या गालाला गाल लावून लेकरू झोपतं, त्यालाही पारा लागतो. पाऱ्याची वाफ घरातल्यांच्या नाकातही जाते. गरोदर बाई, तान्ह्या बाळाची आई असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा. डबी कचऱ्याच्या गाडीत मोकळी टाकू नका, नाल्यात धुऊ नका. झाकण घट्ट लावून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि खोक्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. डॉक्टरांना ती दाखवायला लागेल आणि तक्रारीलाही.

लघवीला फेस, सकाळी डोळ्यांवर सूज, पैंजण किंवा जोडवी घट्ट होणं, यातलं काही असेल तर लघवीची साधी तपासणी करून घ्या. ती अगदी स्वस्तात होते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलला किडनीची ओपीडी आहे. तिथे जा किंवा तुमच्या डॉक्टरांकडे, पण तोंडाला काय लावता, कोणतं चूर्ण आणि कोणतं भस्म घेता, हे न विचारता स्वतःहून सांगा. लाजू नका.

आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, सोबत डबीचे आणि त्या कागदाचे फोटो जोडले आहेत. दुकानदाराला भेटलो तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी तर फक्त विकतो, बनवत नाही." त्याला रिपोर्ट दाखवला. त्याने समोरच्या डब्या काढून आत ठेवल्या. फेकल्या की नाही ते बघायला मी पुन्हा जाणार आहे. तुमच्याजवळ अशी डबी असेल आणि वाचता येत नसेल, तर मानेवाड्याला माझ्या पार्लरमध्ये घेऊन या, सोमवार सोडून कधीही. बघायचे पैसे घेत नाही.